नोंदवहीत दगडमातीची पाने जोडा

महाराष्ट्रातील गावोगावच्या जैवविविधता व्यवस्थापन समित्यांचे अध्यक्ष, सदस्य आणि ग्रामसभेतील समस्त मंडळींस,

स.न.वि.वि.

पत्रास कारण की, तुमच्या ग्रामपंचायतीच्या कपाटात एक नोंदवही आहे, गावच्या झाडाझुडपांची, प्राण्यांची आणि त्यांबद्दलच्या जाणकारीची लोकजैवविविधता नोंदवही. 2002 च्या जैवविविधता कायद्यानुसार गावाने समिती नेमायची आणि ही वही तयार करायची. काही गावांनी ती मनापासून केली. जुन्याजाणत्यांना बोलते केले, वैदूंना विचारले, रानात फिरून पाहिले. पुष्कळ ठिकाणी मात्र मुदत संपत आल्यावर ती बाहेरच्यांकडून भरून घेतली गेली आणि शेजारच्या गावची झाडे आपल्या वहीत उगवली. त्यावरून भांडायला मी बसलेलो नाही. मागणी एवढीच आहे की, या वहीत गावच्या दगडमातीची पाने जोडा.

वहीच्या नमुन्यात त्यासाठी जागाही आहे. भूदृश्य, पाणवठे, मातीचे प्रकार यांचे तक्ते दिलेले आहेत. पण मी चाळलेल्या वह्यांत तिथे ‘डोंगराळ भाग’, ‘काळी व मुरमाड जमीन’ असे काहीतरी लिहून पान उलटलेले दिसते. शिवारातल्या गवतांची नावे हौसेने लिहिणारा गाव खडकापाशी येऊन गप्प होतो. आणि गावात माहिती नसते असेही नाही. विहिरी खोदणाऱ्या म्हाताऱ्याला विचारा, तो कोणत्या वावरात किती हातांवर काय लागते ते बसल्या बसल्या सांगेल. त्याला अजून कोणी विचारलेले नाही, एवढेच.

खडक, खनिजे, जीवाश्म, माती, डोंगर-दऱ्यांचे आकार आणि हे सारे घडवणाऱ्या क्रिया यांच्या वैविध्याला भूविविधता म्हणतात. युनेस्कोने 2021 मध्ये 6 ऑक्टोबर हा आंतरराष्ट्रीय भूविविधता दिन ठरवला. दिवस साजरे करण्याचा मला फारसा सोस नाही, पण हा दिवस सोयीच्या वेळी येतो. त्याबद्दल शेवटी.

महाराष्ट्राबद्दल एक समज घट्ट आहे की इथे सगळीकडे एकच काळा दगड. राज्याचा सुमारे चार-पंचमांश भाग बेसाल्टचा आहे हे खरे. साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे प्रवाह एकावर एक पसरत गेले आणि दख्खनचे पठार उभे राहिले. पण ‘एकच’ या शब्दाला विहीर खोदताना पहिल्याच दिवशी तडा जातो. वर माती, खाली मुरूम, त्याखाली मांजऱ्या, म्हणजे भोकाभोकांचा खडक, मग सुरुंगाशिवाय न हलणारा पाषाण. प्रवाहाच्या वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकले म्हणून तो सच्छिद्र झाला, आतला भाग सावकाश थिजून घट्ट झाला. दोन प्रवाहांच्या मध्ये मोठा काळ गेला असेल तर तिथे झिजलेल्या द्रव्याचा लाल पट्टा असतो. पुढच्या लाव्हाखाली तो दबला आणि भाजला. घाटातल्या रस्त्यासाठी डोंगर कापतात तिथे हा तांबडा पट्टा दुरूनही दिसतो. पाणी मुरमात साठते, सच्छिद्र थरात साठते. पाषाणाला भेगा असल्या तर त्यांत थोडे. लाल पट्टा चिकण असला तर त्याला खाली जाऊ देत नाही, मग ते आडवे सरकते आणि डोंगराच्या कुशीतून झरा होऊन बाहेर पडते.

बांधाच्या अल्याड विहिरीला तुडुंब पाणी आणि पल्याडची कोरडी, याचे कारण बहुधा इथेच असते. गावात ते पाणाड्याच्या हातावरच्या नारळावर किंवा शेतकऱ्याच्या नशिबावर टाकले जाते. पाणाड्याशी माझे वैर नाही. त्यांच्यातले काहीजण जमिनीचा उतार आणि उंबराचे झाड बरोबर हेरतात, नारळ लोकांसाठी असतो. पण गावातल्या पंचवीस-तीस जुन्या विहिरींचे थर कागदावर आले, तर पुढच्या विहिरीचे लाखो रुपये मातीत घालण्याआधी हातात काहीतरी असेल. नाला खोलीकरणाचेही तेच. मुरूम सगळा उपसून नेला आणि खाली अखंड पाषाण उघडा पडला, तर पाणी साठलेले छान दिसते, फोटोही चांगला येतो, पण ते मुरत नाही. चैत्राच्या उन्हात उडून जाते. कुठे थांबायचे हे खालचा थर सांगतो, आणि तो जेसीबीवाल्याला ठाऊक असण्याचे कारण नाही.

आपले किल्लेही याच थरांनी घडवले. घट्ट थराचा कडा झाला, मऊ थर झिजून त्याची सपाटी झाली. त्या सपाटीवर माची वसली, धनगरवाडे वसले, कारण कड्याच्या पायथ्याशी पाणी होते. गडावरची खोदीव टाकी, लेण्यांमधल्या पोढ्या, म्हणजे पाण्याची कुंडे पाहा. दगड कुठे खोदायला सोपा आणि पाणी कुठे धरेल हे खोदणाऱ्यांनी नीट ओळखलेले दिसते. वेरूळचे कैलास लेणे वरून खाली कोरत आणले, ते एवढा जाड थर मिळाला म्हणून.

आता बेसाल्टच्या राज्यातच जरा फिरून या. धुळे-नंदुरबारकडे माळावर मैलोन्‌मैल सरळ रेषेत उभ्या दगडी रांगा दिसतात, कोणी बांधून काढल्यासारख्या. जमिनीच्या भेगांत लाव्हा घुसून थिजला, भोवतालचा मऊ खडक झिजला आणि त्या उघड्या पडल्या. जमिनीखाली त्या पाणी अडवतात. रांगेच्या एका अंगाला विहिरीला पाणी आणि दुसऱ्या अंगाला ठणठणाट असा प्रकार होऊ शकतो. खडीसाठी त्या फोडणे सोपे, कारण दगड आयता जमिनीवर उभा असतो. अकोला, अमरावती, बुलढाण्यात पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. माती काळी कसदार, पण विहिरीचे पाणी तोंडात धरवत नाही. त्या पट्ट्यातल्या माणसाला भूविविधता म्हणजे काय हे मी सांगायला नको, तो पिढ्यान्‌पिढ्या ती घशाखाली उतरवतो आहे. पूर्वेला भंडारा-गोंदियात बेसाल्ट संपतो आणि त्याहून कितीतरी जुना खडक लागतो. तो पाणी फारसे मुरू देत नाही, म्हणून तिथल्या लोकांनी विहिरींवर भिस्त न ठेवता उंचसखल जमिनीत तलाव बांधले. कोहळी समाजाने बांधलेले, आज मामा (माजी मालगुजारी) तलाव म्हणून ओळखले जाणारे हे तलाव धान पिकवत आले. चंद्रपूरला कोळसा, गडचिरोलीत सिरोंच्याजवळ वडधमला जीवाश्म. एका राज्यात पाणी साठवण्याच्या इतक्या तऱ्हा निघाल्या त्या हौसेपायी नव्हेत. खालच्या दगडाने त्या भाग पाडल्या.

कोकणाबद्दल मात्र मला सवडीने लिहायचे आहे, कारण दगडाची हेळसांड तिथे सर्वांत उघड दिसते.

रत्नागिरी-सिंधुदुर्गातला सडा, म्हणजे जांभ्या दगडाचे उघडे पठार, एप्रिल-मेमध्ये पाहिला तर कोणालाही तो ओसाडच वाटेल. कातळ असा तापतो की अनवाणी पाय ठेववत नाही. सात-बारावर बऱ्याचदा त्याची नोंद पोटखराब्यात, म्हणजे न पिकणाऱ्या जमिनीत. एकदा ती तशी झाली की त्या जमिनीवर काय आणायचे, याला कोणी आड येत नाही. पिकत नाही ना, मग जाऊ दे. पण तोच सडा जुलैत पाहा. जांभा दगड घावनासारखा जाळीदार असतो, पाऊस त्याच्या भोकांतून आणि भेगांतून आत उतरतो. खाली बऱ्याच ठिकाणी पांढुरक्या-पिवळसर चिकण मातीचा थर असतो, तो पाण्याला थोपवतो. मग ते सड्याच्या कडेला, घळीच्या तोंडाशी झऱ्याच्या रूपाने निघते. त्या झऱ्याचा पऱ्या होतो, त्यावर पाट निघतो, पाटावर पोफळी आणि नारळ जगतात, वाडीतल्या बाया कळशा भरतात. वाड्या सड्यावर न वसता सड्याच्या कुशीत का वसल्या, याचे उत्तर एवढे साधे आहे. वरचा कातळ पोटखराबा आणि खालची बाग पहिल्या प्रतीची, असा हिशेब महसुली कागदालाच जमतो.

जांभ्याने कोकणाला घरे दिली, देवळे दिली, विहिरींचे कठडे आणि बागांचे गडगे, म्हणजे दगडी कुंपणे दिली. ताजा चिरा तासायला मऊ, आणि हवा लागली की कडक होतो. यापेक्षा सोयीचा बांधकामाचा दगड कोणाला मिळाला असेल असे वाटत नाही. पूर्वी हातोहात तासायचे, आता फिरत्या पात्यांची यंत्रे सड्याचे तुकडे पाडतात. चिरेखाणी नकोतच असे मी म्हणणार नाही. चिऱ्याचे घर सिमेंटच्या घरापेक्षा मला कधीही पसंत, आणि हे मी स्लॅबखाली घामाघूम होऊन लिहितो आहे. पण कोणत्या झऱ्याच्या माथ्यावरचा सडा कापला जातो आहे, हे परवानगी देताना कोणी पाहते का? पाहायचे तर ते कुठेतरी लिहिलेले हवे.

सड्यावर काय जगते हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, तरी थोडे सांगतो. सप्टेंबरात गेंदाची पांढरी गोल फुले आणि सीतेची आसवे ही कातळावरच्या बोटभर मातीतच येतात. तिथे खोल माती असती तर उंच गवताने आणि झुडपांनी त्यांना कधीच हुसकावले असते. ‘दिपकाडी कोंकणेन्स’ ही पांढऱ्या फुलांची कंदवर्गीय वनस्पती मुख्यतः कोकणच्या सड्यांवर आढळते. सुट्या दगडांखाली पांढऱ्या पट्ट्यांची एक छोटी पाल राहते, तीही याच पट्ट्यातली. आंबोलीच्या कातळावर पावसाळ्यात जी उथळ डबकी साचतात त्यांत अंडी घालणारा एक भेक 2009 मध्ये शास्त्राला नव्याने कळला. तुमच्या वहीत यांतले काही असेलही. मग ज्या दगडाखाली ते राहते तो दगड वहीत का नाही? कलमे लावण्यासाठी सडा सपाट करताना सुटे दगड गोळा करून गडग्याला लावले जातात. कोणी झाड तोडत नाही, प्राणी मारत नाही, तरी एका मोसमात सगळे बेघर होतात.

याच कातळावर माणसाने हत्ती कोरले, गेंडे कोरले, मासे कोरले. राजापूर तालुक्यातल्या कशेळीचा हत्ती इतका मोठा आहे की जवळ उभे राहून तो नजरेत मावत नाही. 2022 मध्ये कोकणातली आणि गोव्यातली कातळशिल्पे युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत गेली. आनंद आहे. पण चित्राभोवती दगडांचे कुंपण घातले आणि पलीकडचा सडा पोटखराबाच राहिला, तर आपण भिंत विकून चित्र राखल्यासारखे होईल.

तुमच्यापैकी कोणीतरी म्हणेल की ही जैवविविधतेची समिती आहे, निर्जीव दगड आमच्या अखत्यारीत कुठे येतो? कायद्याने नाही येत, बरोबर. त्यावर आंबोलीचेच उदाहरण देतो. हिरण्यकेशीच्या उगमाशी, देवळाजवळच्या कुंडात एक नवा मासा सापडला. ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ असे त्याचे नाव ठेवले गेले आणि 2021 मध्ये ती जागा जैवविविधता वारसास्थळ म्हणून जाहीर झाली. मासा त्या कुंडातला, कुंडातले पाणी कपारीतल्या झऱ्याचे, आणि झऱ्याचे पाणी भोवतालच्या डोंगरात मुरलेले. माशाला संरक्षण द्यायचे आणि पाणी मुरते त्या डोंगराचा विचार करायचा नाही, हे कसे चालेल? तुमच्या कामाची हद्द दगडापाशी थांबते असे कागद म्हणतो. पाणी तसे म्हणत नाही.

दगडासाठी वेगळा कायदा नाही. केंद्रीय खाण मंत्रालयाने डिसेंबर 2022 मध्ये भूवारसा स्थळांसाठी एका विधेयकाचा मसुदा लोकांसमोर ठेवला होता. त्याचा कायदा झालेला नाही. त्या मसुद्यातही भर होता तो मोठ्या, नामांकित स्थळांवर, आणि सूत्रे होती भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे. लोणारचे विवर, निघोजला कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे, 2025 मध्ये संभाव्य यादीत गेलेला पाचगणी-महाबळेश्वरचा दख्खन ट्रॅप, अशांची दखल कोणीतरी घेईल. तुमच्या गावच्या बरड माळाची दखल दिल्लीहून कोणी घेणार नाही, आणि आपण तशी अपेक्षा तरी का करावी.

आजवर अशा अनेक जागा देवाने राखल्या, हेही मान्य केले पाहिजे. अंधेरीची गिल्बर्ट टेकडी घ्या. षट्कोनी-पंचकोनी दगडी खांबांचा हा सुळका चहूबाजूंनी फोडत आणला. 1952 मध्ये त्याला कागदावर संरक्षण मिळाले, पुढे महापालिकेने वारसा दर्जाही दिला. पण माथ्यावर गावदेवीचे देऊळ नसते तर सुळका उरला असता का, याची मला शंका आहे. गावोगावी शेंदूर फासलेला तांदळा, देवराईतली शिळा, कुंडावरचा आसरांचा दगड यांना कोणी सुरुंग लावत नाही. देवाविना दगडाला मात्र वाली नाही. पुण्याजवळ वाघोलीच्या खाणींतून कॅव्हन्साइट नावाचे निळेशार खनिज निघाले. जगभरचे संग्राहक ते शोधत असतात. किती क्रशरमधून खडी होऊन रस्त्याखाली गेले असेल, कोणास ठाऊक. आज वाघोलीत इमारती उभ्या आहेत.

एक गंभीर गोष्ट राहिली. माळीण 2014, तळिये 2021, इर्शाळवाडी 2023. तिन्ही पावसाळ्यात, तिन्ही डोंगराच्या कुशीतली गावे. त्या गावांना दोष देणे निर्दयपणाचे होईल; जिथे पाणी आणि सपाटी, तिथे माणसे राहणारच, हे मी वर लिहिलेच आहे. पण उतारावर सुट्या दगडमातीचा थर किती जाड आहे, जुनी दरड कुठे उतरली होती, पावसात कोणता झरा अचानक गढूळ होतो किंवा गायब होतो, डोंगरावर नवी भेग कुठे पडली, झाडे कुठे कलली, हे सगळे गुराख्याच्या नजरेला येत असते. ते लिहिलेले असेल तर तहसीलदारासमोर ठेवता येते. तोंडी सांगितलेले पहिल्या पावसात वाहून जाते.

आता पाने कशी भरायची. भूगर्भशास्त्रज्ञ गावात आला तर उत्तमच. भूजल सर्वेक्षण यंत्रणेचे लोक जिल्ह्याच्या ठिकाणी असतात, त्यांना बोलवा. पण त्यांची वाट पाहत बसू नका. विहीर खोदणाऱ्यांपासून सुरुवात करा. मग पाथरवट आणि वडार. जात्याला कोणत्या खाणीचा दगड चालतो, पाट्याला कुठला, उखळाला कुठला, हे ज्ञान मिक्सर आल्यापासून वेगाने पुसले जात आहे. जात्याला टाकी लावणारी माणसे अजून भेटतात, पण थोडी. कुंभार माती कुठून आणत, चुलीला पोतेरे घालायची पांढरी माती कुठे मिळे, भिंतीचा गेरू कुठला, हे म्हाताऱ्या बायांना विचारा. कोणता झरा होळीपर्यंत टिकतो आणि कोणता अक्षय्य तृतीयेपर्यंत, हे पाणी भरणारीच सांगू शकते, सरपंच नव्हे. शेतकऱ्याला मातीचे विचाराल तर काळी, मुरमाड, बरड, चोपण, पोयटा असे बांधाबांधाने सांगेल. शाळेतल्या पोरांना कॅमेरा द्या आणि जुन्या खाणीच्या उघड्या भिंतीचे, ओढ्याच्या कापलेल्या काठाचे फोटो काढून आणायला सांगा, शेजारी एक माणूस उभा करून, म्हणजे उंची कळते. नकाशा तलाठ्याकडचा गावनकाशा पुरे.

एक काळजी घ्या. स्फटिक किंवा जीवाश्म सापडतात ती जागा गटनंबरासकट उघड्या पानावर लिहू नका. ते विकत घेणारे गावापर्यंत पोचायला वेळ लागत नाही. तेवढा भाग गावाने आपल्यापाशी ठेवावा.

ही पाने कामाला येतील ती गौण खनिजाचा विषय ग्रामसभेत येईल तेव्हा. मुरूम इतके ब्रास, दगड इतके ब्रास, ठराव मंजूर, असे आज होते, कारण समोर आकडा असतो आणि विरोधात काही लिहिलेले नसते. उद्या कोणी उठून म्हणेल की या माळाखालून खालच्या वाडीचा झरा निघतो, वहीत सत्तरावे पान पाहा. मग खाण नाकारायची की शंभर मीटर पलीकडे न्यायची, की मुरूम पाच फुटांवर थांबवायचा, हे गावाने ठरवावे. माझा आग्रह खाण बंद करण्याचा नाही. काय गमावतो आहोत ते पाहून ठरवा, इतकाच आहे. तोडलेल्या आमराईच्या जागी नवी लावली तर नातवंडांना आंबे खाता येतात, फोडलेला सडा पुन्हा उगवत नाही.

2 ऑक्टोबरला ग्रामसभा असते आणि 6 तारखेला तो भूविविधता दिन, हे मी मघाशी म्हटले ते यासाठी. विषयपत्रिका निघण्याआधी ग्रामसेवकांना भेटून एक विषय घालून घ्या: ‘लोकजैवविविधता नोंदवहीत खडक, माती, झरे व विहिरींच्या नोंदी समाविष्ट करणे.’ ठरावाला सूचक-अनुमोदक लागतात, ते आधीच ठरवून ठेवा. आणि विहिरी खोदणाऱ्या म्हाताऱ्याला त्या दिवशी आग्रहाने बोलावून पुढच्या खुर्चीत बसवा.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक निवृत्त भूगोल शिक्षक